होडीतली मागची जागा

दोन माणसांची होडी घ्यायची असं आमच्या घरात ठरलं, तेव्हा ती दोन माणसं कोण हे कोणी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. एक आमचे हे आणि दुसरे माझे धाकटे दीर, ज्यांना मी भाऊजी म्हणते. ट्रॅक्टर आला तेव्हाही असंच झालं होतं. वस्तू यायच्या आधी तिच्यावर बसणार कोण हे आमच्याकडं ठरलेलं असतं, आणि ती धुणार कोण हेही.

सुरुवात हुरड्यापासून झाली. भाऊजी शहराबाहेर नागापूरला कारखान्यात सुपरवायझर आहेत आणि शहरातच सावेडीत फ्लॅटमध्ये राहतात. थंडी पडली की ते ओळखीच्या लोकांना घेऊन आमच्या शेतावर हुरडा खायला येतात. आमचं शेत श्रीगोंदा तालुक्याच्या पार टोकाला, धरणाचं पाणी जिथं मागं फुगून पसरतं त्या काठावर आहे. ऊस जास्त, ज्वारी थोडी. पाहुणे गाड्यांतून उतरतात, पाण्याकडं पाठ करून फोटो काढतात आणि हवेचं कौतुक करतात. मी आगटीपाशी बसून कणसं भाजते, चोळते आणि ताटल्या भरते. त्या वर्षी एका बाईंनी हुरडा चावता चावता विचारलं, "एवढं पाणी आहे, मग बोटिंग नाही का तुमच्याकडं?"

लग्नात जेवण कमी पडल्यावर मुलीच्या बापाचं तोंड होतं तसं भाऊजींचं तोंड झालं.

"आहे ना," ते म्हणाले. "ऑर्डर दिली आहे. पुढच्या वेळी याल तेव्हा बोटिंगच करू."

ऑर्डर दिली आहे हे आमच्या ह्यांना तिथंच कळलं. पण पाहुण्यांसमोर भावाला खोटं कसं पाडायचं म्हणून तेही मान हलवून म्हणाले, "व्हय, दोन शिटची." दोन सीट त्यांनी कुठून काढल्या कुणास ठाऊक. मोटारसायकल डोळ्यांसमोर आली असावी.

माझं त्या पाण्याशी वेगळं काम होतं. आमच्या बांधावर उभं राहिलं की पलीकडच्या काठावर बाभळी दिसतात आणि बाभळींच्या वर एका देवळाचा पांढरा कळस दिसतो. ते माझं माहेर. तिथं माझी आई असते, भाऊ-भावजयीजवळ. सरळ पाण्यावरून गेलं तर हाक पोचणार नाही पण चुलीचा धूर दिसेल, इतकंच अंतर. रस्त्यानं मात्र आधी श्रीगोंदा, तिथून दुसरी एसटी, मग पूल ओलांडून दुसरा जिल्हा, आणि तिथून पुढं जे मिळेल ते. सकाळी निघालेलं माणूस दुपार टळल्यावर पोचतं आणि पोचल्या पोचल्या परतीच्या गाडीची चौकशी करतं. बरं, मला एकटीला पाठवायचं नाही, आणि सोबत यायला ह्यांना वेळ नाही. उसाला पाणी द्यायचं असतं. पाणी नसलं तर लाइटीची वाट बघायची असते. लाइट आली आणि पाणीही असलं, तर पारावर कुणीतरी मोठा माणूस आलेला असतो.

आईची नजर अधू झाली आहे. त्या दिवाळीला गेले तेव्हा तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि मग माझं नाव घेतलं. हात फिरवणं आणि नाव घेणं यांच्यामध्ये जो वेळ गेला तो मला आवडला नाही. त्याच्या आधीच्या खेपेला तो गेला नव्हता. पुढच्या खेपेला किती जाईल या विचारानं मी परतीची सगळी वाट गप्प बसले. मी एरवीही गप्पच असते, त्यामुळं कोणाला काही वेगळं वाटलं नाही.

म्हणून होडीचा विषय निघाला तेव्हा माझे हात हुरडा चोळत होते आणि मी मनानं त्या दोनातल्या एका जागेवर जाऊन बसले होते. बोलले मात्र नाही. आमच्या घरात बाईला एखादी गोष्ट हवी असली तर ती मागायची नसते. ती पुरुषाच्या डोक्यात आपणहून उगवावी लागते. बाईनं फक्त आजूबाजूचं तण काढत राहायचं.

भाऊजी पुढच्या रविवारी मोबाईलवर भरपूर व्हिडिओ घेऊन आले. ते तिला होडी म्हणत नव्हते, कनू म्हणत होते. दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी, हातातल्या सुट्या वल्ह्यानं हाकायची. दोघं भाऊ ओट्यावर डोक्याला डोकं लावून बघत बसले. मी चहा ठेवायला गेले तेव्हा थोडं बघितलं. बर्फाचे डोंगर, निळं पाणी, एक गोरा नवरा, एक गोरी बायको आणि दोघांच्या मध्ये एक केसाळ कुत्रं.

"ह्ये कुत्रं बुडत कसं न्हाई?" ह्यांनी विचारलं.

"ट्रेनिंग देतात, दादा."

दुसऱ्या व्हिडिओतही नवरा-बायकोच होते, आणि तिसऱ्यातही. एवढे व्हिडिओ बघून दोघा भावांपैकी कोणालाही बायको दिसली नाही. कुत्रं मात्र दिसलं. नंतर एकदा दिसली, तीही तक्रार म्हणून.

"बायकूला म्होरं बसवलंय बघ," हे म्हणाले. "आन बाप्या मागं बसून आराम करतोय."

"तिकडं बायकांना मान असतो," भाऊजी म्हणाले.

"मान द्यावा की. पन गाडी तिच्या हातात?"

म्हणजे पुढं बसतो तो हाकतो आणि मागं बसतो तो नुसता बसतो, हे दोघांचं तिथंच पक्कं झालं. बैलगाडीत तसंच, ट्रॅक्टरवर तसंच, मोटारसायकलवर तर तसंच. पाणी काय वेगळं असणार?

होडी बघायला नागापूरला गेलो. मला कोणी नेलं नव्हतं. सावेडीला जाऊबाईंकडं हळदी-कुंकू होतं, म्हणून मी गाडीत मागं होते आणि आधी दुकानच बघायचं ठरलं. दुकान कसलं, पत्र्याची शेड. तिथं फायबरच्या पाण्याच्या टाक्या, बागेतल्या घसरगुंड्या आणि तोंड उघडून कचरा खाणारी अस्वलं बनत होती. वासानं डोकं धरलं. मालक बोलका होता. एवढा बोलका की आम्ही कशासाठी आलो हे सांगायच्या आधी त्यानं आम्हाला एक घसरगुंडी जवळजवळ विकलीच होती.

होड्या तीन होत्या. एक लाल, लांबलचक आणि अरुंद, आरशासारखी चकचकीत. भाऊजी सरळ तिच्यापाशी गेले आणि तिच्यावर हात ठेवून उभे राहिले, फोटोसाठी राहतात तसे. हात ठेवताच ती एका अंगावर कलली. दुसरी जाड, पसरट, मासे धरणाऱ्यांसाठी केलेली, दणकट इतकी की उचलायला चार गडी लागावेत. तिसरी शेवाळासारख्या हिरव्या रंगाची. फार लांब नाही, फार आखूड नाही. पोट रुंद, बूड जवळजवळ सपाट. ती पालथी घातली होती आणि तिच्यावर कामगारांनी जेवणाचे डबे ठेवले होते.

मालक सांगू लागला. "तळ्यावर आणि संथ नदीवर न्यायची ना साहेब? मग रुंद बुडाची घ्या. नवीन माणसाला अरुंद होडी बसू देत नाही. फार लांब घेतली तर सरळ जाते पण वळायला हट्टी. फार आखूड घेतली तर लगेच वळते, पण सरळ जायचं नाव नाही. आणि दोघांना उचलता आली पाहिजे. नाहीतर उन्हाळ्यात पाणी हटलं की चिखलात बसेल ती बसेलच."

हे तोवर प्रत्येक होडी बोटांनी वाजवून बघत होते, बाजारात कलिंगड वाजवतात तशी. भाऊजींनी विचारलं, "स्पीड किती निघतो?" ह्यांनी विचारलं, "आन आवरेज?"

"साहेब, वल्ह्यावर चालते ती. तुम्ही जेवाल तेवढं आवरेज." मालक स्वतःच हसला. "एक लक्षात ठेवा. दिशा मागचा माणूस धरतो. पुढचा फक्त जोर लावतो. वजनदार माणूस मागं, हलका पुढं."

"म्हंजी मालक मागं आन गडी म्होरं?" हे म्हणाले. "उलटंच की."

"उलटंच असतं ते."

"तुमी कंची चालवता?"

"मी? छे, मला पाण्याची भीती वाटते. मी फक्त बनवतो."

तिथून पुढं दोघा भावांनी त्याच्या एका शब्दावर विश्वास ठेवला नाही. मी ठेवला. मला वाटलं, स्वतः बसत नाही म्हणजे त्याला बढाई मारायचं कारण नाही. आणि अस्वलाच्या तोंडात कचरा घालणारा माणूस वेगळा असला तरी अस्वल कुठं तोल सांभाळतं हे बनवणाऱ्याला ठाऊक असणारच.

पुरुष चहा प्यायला खुर्च्यांवर बसले तशी मी हिरव्या होडीपाशी गेले. डब्यांच्या उलट्या बाजूचं टोक धरून जरा वर केलं. उचललं गेलं. जड होतं, पण दोन्हीकडून धरली तर मला जमेल इतकं. मग एका अंगानं दाबून बघितलं, ती हलली नाही. लुगड्याचा घोळ सावरून बसता येईल इतकी ती रुंद होती. लाल होडीत बसायचं तर आधी नेसणं बदलावं लागलं असतं, मग स्वभाव.

पण खुर्च्यांवर लाल होडीचं ठरत आलं होतं. भाऊजी मनातल्या मनात तिच्यावर पाहुण्यांना बसवून, फोटो काढून, मोबाईलवर टाकूनही मोकळे झाले होते. मी रिकामे कप उचलता उचलता म्हणाले, "लालच चांगली हाय. भाऊजींच्या गाडीला अगदी जोडीची दिसंल."

एवढंच बोलले. दुसरं वाक्य बोलले असते तर ते माझं मत झालं असतं. ह्यांनी बशी खाली ठेवली. भाऊजींची गाडी लाल आहे. लाल होडी काठावर उभी राहिली की गाव म्हणणार धाकट्यानं आणली.

"लाल कशापायी पायजे?" हे म्हणाले. "हिरवी घेऊ."

"दादा, हिरवी दिसायला कशी आहे बघ ना. शेवाळासारखी."

"उसात उठून दिसनार न्हाई. चोरीची भीती न्हाई."

"होडी उसात ठेवायची नाहीये, दादा."

"कुठं ठिवायची ते मी बघंन. काठ कुनाचाय?"

काठ ह्यांचा होता. हिरवी आली.

टेम्पोतून उतरल्यावर तिला हळद-कुंकू लावलं, हार घातला, लिंबू-मिरची बांधली. रंगाऱ्याला बोलावून 'आई-वडिलांचा आशीर्वाद' लिहायचं ठरलं. गाडीच्या मागं लिहितात तसं मागंच लिहायचं. रंगाऱ्यानं होडीभोवती चक्कर मारली आणि विचारलं, "मागची बाजू कंची?" दोन्ही टोकं सारखी. बराच वेळ चर्चा झाली आणि शेवटी दोन्हीकडं लिहून घेतलं. त्यामुळं आमची होडी कुठूनही बघा, निघून चाललेलीच दिसते.

पहिल्यांदा ती पाण्यात घालायची म्हणजे खरं तर शेताच्या काठावरच घालायची. पण काठावर जाळी टाकणारे लोक असतात, त्यांच्यासमोर नको, असं दोघा भावांचं एकमत झालं. त्यांचं एकमत क्वचित होतं, आणि झालं की मला धास्ती वाटते. त्यांनी ती शेततळ्यात घातली. शेततळं म्हणजे उतरत्या बाजूंचा चौकोनी खड्डा, आत काळा प्लास्टिकचा कागद आणि कागदावर शेवाळ. त्यात शेळी पडली तरी बाहेर येत नाही. हे गावातल्या पोरासोरांना माहीत आहे. पण भाऊजींनी नारिंगी जाकिटं आणली होती आणि जाकिटं घातल्यावर माणसाला वेगळीच हिंमत येते.

पुढं कोण बसणार यावर काठावर वाद झाला.

"मी थोरला हाय."

"दादा, मी व्हिडिओ बघितलेत."

"मंग मागं बसून सांग."

हे पुढं बसले. ह्यांचं वजन चांगलं आहे. होडीचं नाक खाली गेलं आणि भाऊजी मागं जरा उंचावर, वरातीतल्या घोड्यावर बसल्यासारखे दिसू लागले. दोघांनी वल्ही घेतली आणि दोघांनीही उजव्या अंगाला मारली. होडी जागच्या जागी फिरू लागली.

"डावीकडं मार," हे ओरडले.

"तू मार ना डावीकडं."

"मी म्होरं हाय, मी सांगनार."

मग दोघांनीही डावीकडं मारली. होडी उलटी फिरू लागली. जाऊबाई काठावर उभ्या राहून मोबाईलवर सगळं घेत होत्या आणि अधूनमधून, "जरा इकडं बघा की," म्हणत होत्या. भाऊजींनी बघितलं. बघायला ते उभे राहिले. आणि ती रुंद बुडाची, गरीब स्वभावाची होडीसुद्धा शेवटी कंटाळली.

जाकिटांमुळं दोघं बुडाले नाहीत, पोहायला शिकणाऱ्या पोरांच्या पाठीला बांधलेल्या भोपळ्यांसारखे वर आले. बाहेर मात्र येता येईना. कागदावर पाय टेकला की घसरत होता. गुडघ्यावर यायचे आणि पोटावर परत जायचे. मी कुंपणाच्या खांबाला बैलाचा कासरा बांधला आणि दुसरं टोक आत टाकलं.

"वहिनी, आधी दादाला," भाऊजी म्हणाले.

"आधी त्याला वढ," हे म्हणाले. "लई वरडतोय."

मी जो जवळ होता त्याला ओढलं. जाऊबाईंना मी म्हणाले, "जरा हात लावता का?" त्या म्हणाल्या, "थांबा ताई, हे संपू दे." काय संपायचं होतं ते मी विचारलं नाही.

भाऊजींनी त्या दिवसापासून होडीचं नाव टाकलं. फोनवर ते सांगत, "क्वालिटीच नाही. तरी मी म्हणत होतो लाल घ्या." दादाबरोबर पुन्हा बसणार नाही असंही त्यांनी जाऊबाईंना सांगितलं आणि जाऊबाईंनी मला सांगितलं. मी काळजीचं तोंड केलं. दोनातली एक जागा मोकळी झाली होती.

ती मला लगेच मिळाली असं मात्र नाही. पाण्यात सोडलेल्या मोटारीच्या पाइपाच्या तोंडाला जाळी असते, तिच्यात शेवाळ अडकलं की उसाला पाणी यायचं थांबतं. आधी एक गडी ट्रकच्या ट्यूबवर पोटावर पडून ते काढायचा. ह्यांनी त्याला सांगून टाकलं होतं की आता आपली होडी आहे, तू येऊ नको. जाळी अडकली आणि हे एकटेच निघाले. पुढच्या जागेवर बसले तर नाक पाण्यात, शेपूट आभाळात. मग त्यांनी विचार केला आणि युरियाच्या रिकाम्या गोणीत मुरूम भरून ती मागच्या जागेवर बसवली. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या गोणीकडं बघताना मला पहिल्यांदाच माझी नेमकी जागा कोणाबरोबर लागते ते कळलं.

होडी सपाट झाली, पण सरळ जाईना. एकट्या माणसानं पुढून एका अंगाला वल्हं मारलं की ती दुसऱ्या अंगाला तोंड फिरवायची. हे गोणीवर ओरडले. गोणीनं काही उत्तर दिलं नाही. तेव्हा काठावर बसून मी धुणं धूत होते.

"ए, तू ये गं," हे म्हणाले. "मागं बस. काय करायचं न्हाई. नुसतं बसायचं. आन मी सांगितलं की दोन हात मारायचे."

"गोणी ऱ्हाऊ द्या," मी म्हणाले. "मागं टेकायला बरी."

गोणी मी माझ्या पाठीमागं सरकवून घेतली. ती आणि मी मिळून ह्यांच्या एकट्याच्या वजनाला पुरलो आणि होडी पाण्यावर परातीसारखी सपाट बसली.

वल्हं हातात घेतल्यावर मला काही फार शिकावं लागलं नाही. उसाला पाणी देताना मी आयुष्यभर दारं धरली आहेत. खोऱ्यानं जरासा मातीचा पदर इकडचा तिकडं केला की वाफ्यातलं पाणी निमूट वळतं. इथं पाणी जागच्या जागी होतं आणि आपण वळायचं होतं, एवढाच फरक. वल्हं बाहेरच्या अंगाला ढकललं की नाक एकीकडं, मागं तिरकं धरून ठेवलं की सरळ. हे पुढून हुकूम सोडत, "आता उजवीकडं घेतो बघ." मी उजवीकडं घ्यायची. "बघ, कशी वळली." मी म्हणायची, "व्हय." जाळी साफ करायला आम्ही कितीतरी वेळा गेलो आणि दर वेळी ह्यांनी मला होडी कशी हाकतात ते समजावून सांगितलं. ते सगळं बोलणं त्यांनी माझ्याकडं पाठ करून केलं, कारण त्या होडीत दुसरी सोयच नाही. पुढच्याला मागचा दिसत नाही. मागच्याला सगळं दिसतं.

मग एका सकाळी जाळी लवकर साफ झाली. पाण्यावर सुरकुती नव्हती. हे खुशीत होते. "चल, जरा काठाकाठानं चक्कर मारू," म्हणाले.

मी काठाकाठानं थोडं घेतलं आणि मग वल्हं जरा तिरकं धरलं.

बऱ्याच वेळानं ह्यांनी विचारलं, "अगं, बोट आत चाललीय काय?"

"वारं हाय."

"वारं कुठंय?"

"म्होरं लागत नसंल. मला मागं लागतंय."

"थांब, मी वढून काठाला घेतो." असं म्हणून त्यांनी जोर लावला. ह्यांच्या दंडात ताकद आहे, ते मी कधी नाकारलेलं नाही. पण पुढचा नुसता जोर लावतो. ते जेवढा जोर लावत होते तेवढं माझं माहेर जवळ येत होतं. शर्ट पाठीला चिकटला. मला वाईट वाटलं नाही.

बाभळी मोठ्या झाल्या, त्यांच्यातल्या वाटा दिसू लागल्या. हे थांबले. वल्हं मांडीवर ठेवून वर बघत राहिले.

"ह्यो तुज्या गावचा कळस हाय."

"व्हय का?"

त्यांची मान मागं वळायला बघत होती, पण वळली की होडी हलते हे शेततळ्यानं त्यांना शिकवलं होतं. त्यांची पाठ मी लग्न झाल्यापासून बघते आहे. ती चिडलेली होती. मग काठावर धुणं धुणाऱ्या बायांनी आम्हाला बघितलं आणि त्यातली एक ओरडली, "अगं बया, पाव्हनं आलं पान्यातनं." पाठ ताठ झाली.

"आता आलोच हावोत," हे म्हणाले, "तर जाऊन यिऊ."

"तुमी म्हनाल तसं."

काठापासून घरापर्यंत ह्यांनी वाटेत भेटेल त्याला सांगितलं की हिला आईला भेटवावं असं मनात आलं, म्हणून सरळ पाण्यातून घेऊन आलो. सगळ्यांनी कौतुक केलं. भावजयीनं खाट टाकली, कढई ठेवली. जावई रस्त्यानं आला तर चहा, आणि पाण्यातून आला तर भजी, असं तिथं ठरलेलं असावं.

आई ओसरीवर बसली होती. मी तिच्यापुढं बसले. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, कपाळावरून, गालावरून. मी वाट बघत राहिले. वेळ गेला. दिवाळीपेक्षा जास्त गेला. नाव मीच सांगावं की काय असं मला झालं आणि ते मला सांगायचं नव्हतं. तेवढ्यात तिचे हात खाली आले आणि तिनं माझे तळहात धरले. तिथं फोड होते, काही फुटलेले, काही नवे.

"ह्ये गं काय?" ती म्हणाली आणि तिनं माझं नाव घेतलं. "कशानं आलीस?"

"होडीनं."

"हाकतं कोन?"

"मी," हे खाटेवरून म्हणाले.

आई माझ्या हातावरून अंगठा फिरवत राहिली. "मंग हिच्या हातावर फोड कशाचं हायेत?"

भावजय कढईपाशी खाली मान घालून हसली. ह्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण त्यात भजं होतं आणि ते गरम होतं.

"पुन्यांदा कवा येशील?" आईनं विचारलं.

मी म्हणाले, "बाजाराच्या दुसऱ्या दिवशी." कोणाकडं न बघता म्हणाले. भजं गिळून होईपर्यंत ते ठरून गेलं होतं.

आता आम्ही दर आठवड्याला जातो. हे पारावर सांगतात की सासुरवाडी जवळ आणायची तर मनगटात जोर पाहिजे, आणि ते काही अगदीच खोटं नाही. भाऊजी हुरड्याला पाहुण्यांना होडी दाखवतात, बसवत नाहीत, मेंटेनन्सला आहे म्हणतात. तिकडं आई माझ्या तोंडाला हात लावायचं सोडून आता आधी माझे तळहात मागते. फोड वाळले, तिथं घट्टे आले आहेत. ती ते चाचपते आणि लगेच माझं नाव घेते, मी नीट टेकायच्या आधीच.